कॉर्टिसॉलची नाईट शिफ्ट

पोट सुटतंय, झोप उडालीय, चिडचिड वाढलीय आणि घरचे म्हणतायत, 'जरा खाणं कमी कर.' पण प्रकरण फक्त खाण्याचं आहे का? चिखली-तळवडे-चाकणच्या तीन शिफ्टच्या जगात वजनाचा काटा कोण हलवतंय, याचा हा शोध.

'काय मग, लग्न मानवलेलं दिसतंय!' हे वाक्य ऐकलं नाही असा तिशीतला नोकरदार शोधून सापडायचा नाही. लग्न झालेलं नसेल तर 'कंपनीचं कॅन्टीन मानवलं वाटतं.' आपण कसनुसं हसतो, पोट आत ओढतो आणि मनातल्या मनात सोमवारपासून जिम पक्की करतो. सोमवारी नेमकं रिलीज असतं, नाहीतर ऑडिट, नाहीतर शिफ्ट बदललेली असते!

मग आपण स्वतःला आळशी ठरवून मोकळे होतो. वडापाव आणि आळस यांचा वाटा आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या मागे एक तिसरा गडी आहे आणि तो आपल्याच शरीरात राहतो. त्याचं नाव कॉर्टिसॉल, म्हणजे स्ट्रेस हार्मोन.

एक सोसायटी, तीन घड्याळं

मी चिखलीत राहते. ही मूळची टाळगाव चिखली, तुकोबांच्या देहूच्या शेजारची. 1997 मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आता एकीकडे संतपीठ आहे, घरकुलच्या इमारती आहेत, कुदळवाडीकडे वर्कशॉप्स आहेत, तळवड्याला आयटी पार्क आहे आणि मोशीवरून पुढे गेलं की चाकणच्या ऑटो कंपन्या.

रात्री दहाच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या गेटवर उभं राहा. एक जण पाठीला सॅक, हातात डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट बघत असतो, नाईट शिफ्ट. दुसरा पार्किंगमध्ये हेडफोन लावून येरझाऱ्या घालत अमेरिकेतल्या क्लायंटला समजावत असतो. तिसऱ्याच्या घरातला दिवा केव्हाच बंद झालेला असतो, कारण त्याला पहाटे पाचला उठून फर्स्ट शिफ्ट गाठायची असते. आणि पुढच्या आठवड्यात यातल्या दोघांच्या वेळा बदललेल्या असतात. सोसायटीत अशी निदान तीन घड्याळं चालू असतात. शरीरात मात्र मुख्य घड्याळ एकच असतं, आणि ते शिफ्टप्रमाणे पटकन बदलत नाही. खरी गडबड इथून सुरू होते.

शरीराचा सायरन

आपल्या दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी असतात, ॲड्रिनल ग्रंथी. समोरून ट्रक अंगावर आला की त्यातून ॲड्रिनालिन सुटतं आणि काही सेकंदांत छाती धडधडायला लागते. कॉर्टिसॉल जरा सावकाश येतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी ॲड्रिनलला देते, आणि रक्तातलं कॉर्टिसॉल साधारण वीस ते तीस मिनिटांत शिखर गाठतं. मीटिंग संपून तासभर झाला तरी डोकं तापलेलं असतं ते उगाच नाही!

कॉर्टिसॉलचं काम सोपं आहे. संकट आलंय, तर शरीराला तातडीनं इंधन द्या. म्हणून ते लिव्हरला साखर तयार करायला लावतं, वेळ पडली तर स्नायूंमधली प्रथिनं मोडून त्यासाठी वापरतं आणि इन्सुलिनचा असर कमी करतं, म्हणजे साखर रक्तात उपलब्ध राहते. आपल्या पूर्वजांसमोर वाघ यायचा, तेव्हा ही साखर धावण्यात खर्च व्हायची. आपल्यासमोर एस्कलेशनची मेल येते. साखर तयार होते, पण आपण खुर्चीवरच!

पण कॉर्टिसॉलला व्हिलन ठरवू नका. ते नसेल तर माणूस जगत नाही. सकाळी आपण उठतो तेही त्याच्याच मदतीनं. पहाटे ते वाढायला लागतं, जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी घेतं, मग दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं. म्हणजे कॉर्टिसॉल स्ट्रेस हार्मोन आहेच, पण त्याहीआधी ते घड्याळाचं हार्मोन आहे. सकाळी जास्त आणि रात्री कमी असेल तर सगळं ठीक. रात्री ते खाली यायला तयार नसेल, तर लफडा.

घड्याळ उलटं फिरवलं तर?

हे नुसतं तर्कानं ठरवलेलं नाही. 1999 मध्ये शिकागोच्या संशोधकांनी 11 तरुण, धडधाकट पुरुषांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. एवढ्यातच त्यांचं संध्याकाळचं कॉर्टिसॉल वाढलेलं दिसलं आणि साखर हाताळायची शरीराची क्षमता घसरली. 2004 मध्ये त्याच गटानं भूक मोजली. दोन रात्री चार तास झोप मिळाल्यावर 'पोट भरलं' असं सांगणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं, 'भूक लागली' असं ओरडणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं. रिलीजच्या आठवड्यात रात्री अकराला चिप्सचं पाकीट आपोआप का उघडतं, त्याचं उत्तर हे!

शिफ्टवाल्यांसाठी त्याहून महत्त्वाचा प्रयोग 2009 मध्ये बोस्टनला झाला. दहा जणांना प्रयोगशाळेत ठेवून त्यांची झोपायची-जेवायची वेळ हळूहळू सरकवत पूर्ण उलटी केली, म्हणजे दिवसा झोप आणि रात्री जेवण. लेप्टिन 17 टक्क्यांनी कमी झालं, रक्तातली साखर 6 टक्क्यांनी आणि बीपी 3 टक्क्यांनी वाढलं. कॉर्टिसॉलचा दिवस-रात्रीचा क्रमच पालटला. ज्यांची जेवणानंतरची साखर तपासली त्या आठपैकी तिघांची पातळी मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोचली. ही सगळी निरोगी माणसं होती आणि प्रयोग जेमतेम आठ-दहा दिवसांचा होता. आपल्याकडे दर आठवड्याला फर्स्ट-सेकंड-नाईट फिरणारी माणसं हा प्रयोग दहा-दहा वर्षं करत असतात.

पण पोटच का?

हातपाय तेच, चेहरा तोच, शर्टाचं फक्त मधलं बटण तणावाखाली! याचं कारण म्हणजे पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणाऱ्या चरबीत कॉर्टिसॉलला प्रतिसाद देणारे रिसेप्टर्स कातडीखालच्या चरबीपेक्षा जास्त असतात. इन्सुलिनही चढलेलं असेल तर चरबी तिथे जमा व्हायला आमंत्रणच मिळतं. आणि ही आतली चरबी तिथे गप्प पडून राहत नाही. तिच्यातून निघालेली फॅटी ॲसिड्स थेट लिव्हरकडे जातात. फॅटी लिव्हर, वाढलेले ट्रायग्लिसराईड्स, वाढलेली साखर, वाढलेलं बीपी ही सगळी याच गल्लीतली मंडळी.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कॉर्टिसॉल हवेतून कॅलरी आणत नाही. वजन वाढतं ते खाल्लेल्यातूनच. पण किती खावंसं वाटतं, काय खावंसं वाटतं आणि खाल्लेलं कुठे साठतं, यात त्याचा हात असतो. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ज्या बायकांचं कॉर्टिसॉल तणावात जास्त उसळलं, त्यांनी तणावाच्या दिवशी जास्त खाल्लं. टेन्शनमध्ये कुणाला काकडी खावीशी वाटत नाही, भजीच आठवतात.

आणि केसांतूनसुद्धा कॉर्टिसॉल मोजता येतं! केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळाजवळच्या दोन सेंटिमीटरमध्ये मागच्या दोन महिन्यांचा हिशेब लिहिलेला असतो. 2017 मध्ये इंग्लंडमधल्या अडीच हजारांवर प्रौढांचे केस असे तपासले गेले. ज्यांच्या केसांत कॉर्टिसॉल जास्त, त्यांचं वजन आणि कमरेचा घेर जास्त आढळला. मात्र यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही. जाडीमुळेही कॉर्टिसॉलचं गणित बदलू शकतं.

बारीक आहे हो मी! खरंच?

आता तुम्ही म्हणाल, माझं वजन तर 62 किलो, मला काय त्याचं? थांबा. ही गोष्ट आपल्या पुण्यातली आहे.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभे असलेला एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! लेखात याज्ञिक यांच्या व्यायामाचीही गंमत होती. हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत आत शिरणं, एवढाच काय तो व्यायाम. बाहेरून सडपातळ, आतून चरबीदार, म्हणजेच 'थिन-फॅट' भारतीय.

याचं मूळ बरंच मागे जातं. याज्ञिकांच्या टीमनं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो होतं, इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनमधल्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी त्या मानानं टिकवून ठेवली होती. कमी पडले होते ते स्नायू. म्हणजे ही ठेवण घेऊनच आपल्यातले बरेच जण जन्माला येतात, आणि वर नोकरीतली अपुरी झोप, बैठं काम आणि टेन्शन यांची भर पडते. कॉर्टिसॉल स्नायू मोडतं आणि पोटात चरबी वाढवायला मदत करतं. आपल्याकडे आधीच स्नायू कमी, म्हणून हे गणित आपल्याला जास्त महागात पडतं.

म्हणून काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 आहे. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार 11.4 टक्के प्रौढ भारतीयांना मधुमेह आहे, आणखी 15.3 टक्के उंबरठ्यावर आहेत, आणि पोटाची स्थूलता तब्बल 39.5 टक्के लोकांमध्ये आहे.

2021 चा धडा

कॉर्टिसॉल जास्त झालं तर काय होतं, हे महाराष्ट्रानं अगदी जवळून पाहिलंय. कोविडमध्ये ऐकलेलं 'डेक्सामेथासोन' आठवतं? ते कॉर्टिसॉलचंच कारखान्यात बनलेलं भावंडं, त्याच्यापेक्षा सुमारे 25 पट ताकदवान. जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्यानं सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात. डोस होता रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. योग्य रुग्णाला, योग्य वेळी, मोजून दिलं तर संजीवनी.

पण 2021 च्या लाटेत अनेक ठिकाणी स्टिरॉइड्स गरज नसताना, जास्त डोसमध्ये, जास्त दिवस घेतली गेली. साखर भडकली, प्रतिकारशक्ती दबली आणि म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीनं डोकं वर काढलं. साखर चढवणं आणि प्रतिकारशक्ती दाबणं हे दोन्ही गुण शरीरातल्या कॉर्टिसॉलचेच आहेत. रोजच्या टेन्शनमध्ये त्यांची मात्रा फारच कमी असते, पण दिशा तीच. सतत सर्दी-खोकला, जखम लवकर न भरणं, वाढत जाणारी साखर यांकडे म्हणून दुर्लक्ष करायचं नाही.

इथेच एक इशारा. 'महिन्यात अंग भरेल' असं सांगून लेबल नसलेल्या पुड्या विकल्या जातात. असल्या पावडरींत स्टिरॉइड मिसळल्याची प्रकरणं आपल्या देशात सापडलेली आहेत. चेहरा गोल होतो, भूक वाढते, वजन वाढतं, गिऱ्हाईक खूश! आतून हाडं, स्नायू आणि साखर यांची वाट लागत असते. आणि असं काही बरेच दिवस घेत असाल तर मनानं एकदम बंदही करू नका. शरीरानं स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवलेलं असू शकतं. सरळ डॉक्टरकडे जा.

'कॉर्टिसॉल फेस'चं फॅड

2024 मध्ये सोशल मीडियावर 'कॉर्टिसॉल फेस'ची लाट आली. चेहरा सुजलाय? कॉर्टिसॉल! मग त्यावर चहा, गमीज, डिटॉक्स... दुकान चालू! खरं सांगायचं तर कॉर्टिसॉलमुळे चेहरा चंद्रासारखा गोल होणं हा कुशिंग सिंड्रोम या दुर्मीळ आजाराचा भाग आहे. अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांनी 1932 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. पोटावर रुंद जांभळे पट्टे, हातपाय बारीक आणि अशक्त, जरा धक्का लागला की काळंनिळं, अशी लक्षणं असतील तर एंडोक्रिनॉलॉजिस्टला भेटा. रात्री तीनला झोपून सकाळी सुजलेला चेहरा म्हणजे कुशिंग नव्हे.

आणि अश्वगंधा? 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत 64 तणावग्रस्त लोकांपैकी ज्यांनी 60 दिवस ती घेतली, त्यांचं कॉर्टिसॉल कमी झालेलं दिसलं. पण चाचणी छोटी होती. काही जणांना लिव्हरचा त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत, आणि डेन्मार्कनं 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली. शिवाय चार तास झोपून कॅप्सूल खाणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं!

बॉसचाही वाटा

सगळं ओझं आपल्या इच्छाशक्तीवर टाकणं सोयीचं असतं, विशेषतः कंपन्यांना. पण 2006 मध्ये ब्रिटनमधल्या दहा हजारांवर सरकारी नोकरदारांच्या अभ्यासात, सुमारे 14 वर्षं वारंवार कामाचा ताण सोसणाऱ्यांमध्ये पोट, साखर, बीपी आणि कोलेस्टेरॉल यांचा एकत्रित बिघाड इतरांच्या दुपटीहून जास्त दिसला. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं सांगितलं की आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो.

आपल्याकडे सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतली कामाची रोजची मर्यादा 9 वरून 12 तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याची 48 तासांची मर्यादा आणि कामगाराची संमती कायम ठेवून, असं तेव्हा सांगण्यात आलं. बारा तासांच्या दिवसाचा साधा हिशेब करा. काम 12 तास, चाकणच्या ट्रॅफिकमधून येणं-जाणं 2 तास. उरले 10. त्यात अंघोळ, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आई-बाबांचा फोन... झोपेला किती उरले? हा प्रश्न संमतीच्या कागदावर सही करण्याआधी विचारायचा आहे.

हे करून बघा!

झोपेचा कोटा: रात्री झोपा किंवा दिवसा, सात तासांचं गणित जुळवा. नाईट करून आल्यावर जाड पडदे, फोन सायलेंट, आणि दारावर 'बेल वाजवू नये'ची चिठ्ठी. नाईटला जाण्याआधी दुपारी एक डुलकी काढली तर सोन्याहून पिवळं.

उजेडाचा वापर: दिवसाच्या ड्युटीवाल्यांनी उठल्यावर उन्हात फिरा. दुर्गादेवी टेकडी आहे, सुट्टीच्या दिवशी भंडारा डोंगर आहे. नाईटवाल्यांनी उलटं करायचं. परतीच्या बसमध्ये गॉगल लावा, म्हणजे मेंदूला 'सकाळ झाली' हा निरोप उशिरा पोचेल.

जेवण दिवसा: 2021 मधल्या एका अमेरिकन प्रयोगात नाईट शिफ्टसारखं वेळापत्रक पाळूनही ज्यांनी फक्त दिवसा खाल्लं, त्यांची साखर बिघडली नाही. रात्री खाणाऱ्यांची बिघडली. म्हणून मुख्य जेवण शिफ्टच्या आधी, आणि रात्री दोनला भुर्जी-पावऐवजी मूठभर चणे-शेंगदाणे किंवा ताक.

चहाला शेवटची घंटा: झोपायच्या सहा तास आधी शेवटचा कटिंग. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास घेतं.

स्नायू जपा: आठवड्यातून दोनदा वजनं उचला, नाहीतर घरच्या घरी जोर-बैठका. पोळीबरोबर डाळ, उसळ, अंडं, दही वाढवा.

तपासण्या: कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी साखर आणि एचबीए-वन-सी वर्षातून एकदा. कॉर्टिसॉलची टेस्ट स्वतःहून करू नका. ते तासातासाला बदलतं, एका आकड्यावरून 'माझा स्ट्रेस किती' हे कळत नाही.

बोला: झोप लागत नाही, रडू येतं, कामावर जायची भीती वाटते असं असेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाईन 14416 या नंबरवर आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही.

आणि शेवटचं काम ऑफिसमधलं. पुढचा रोस्टर लागण्याआधी एचआरला तीन प्रश्न विचारा. शिफ्ट फर्स्ट-सेकंड-नाईट अशी पुढे सरकते की उलटी? पुढे सरकणारी शरीराला झेपायला सोपी जाते. दोन शिफ्टमध्ये किमान अकरा तासांची सुट्टी मिळते का? आणि नाईटच्या कॅन्टीनमध्ये वडा-समोशाशिवाय काही ठेवता येईल का? एकट्यानं विचारलं तर 'बघू' म्हणतील. लाईनवरच्या दहा जणांनी मिळून विचारलं, तर त्यांना उत्तर शोधावं लागेल.